घटक ४ : विधीतील चिन्हे आणि त्यांचा अर्थ – जावा बेटावरील ‘स्लामेतान’

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• विधीकडे चिन्हव्यवस्था म्हणून कसे पाहावे हे सांगता येईल;
• स्लामेतान या जावानी विधीचे स्वरूप आणि त्यातील शब्दसंपत्ती स्पष्ट करता येईल;
• विधीतील प्रतीकाचे भाष्यगत, कृतिगत व स्थानगत अर्थ वेगळे करता येतील;
• शब्दाचा उगम आणि शब्दाचा अर्थ यांतील भेद उदाहरणांसह मांडता येईल;
• ‘मिश्र विधी’ या संज्ञेची उपयुक्तता व मर्यादा यांची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषिक चिन्हाला दोन बाजू असतात, चिन्हक आणि चिन्हित, हे सोस्यूरचे प्रतिपादन तुमच्या परिचयाचे आहे. चिन्हाला मूल्य प्राप्त होते ते व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांमुळे, हेही तुम्ही जाणता. प्रस्तुत घटकात हीच दृष्टी आपण भाषेबाहेरच्या एका व्यवहाराला लावून पाहणार आहोत. तो व्यवहार म्हणजे विधी. विधीतही शब्द असतात. परंतु त्यांच्या जोडीला पदार्थ, रंग, दिशा, संख्या आणि कृती यांचीही भाषा असते.

उदाहरण म्हणून इंडोनेशियातील जावा बेटावरचा स्लामेतान हा सामूहिक भोजनविधी निवडला आहे. जावातील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. त्यांच्या या विधीत अरबी प्रार्थना आहे, संस्कृतातून आलेली नावे आहेत आणि ज्यांना कोणत्याही ग्रंथाचा आधार दाखवता येत नाही अशा स्थानिक श्रद्धाही आहेत. दूरचे उदाहरण घेण्यामागे एक हेतू आहे. जवळच्या विधीविषयी आपले मत पुष्कळदा आधीच ठरलेले असते. दूरच्या विधीकडे आपण अधिक मोकळ्या मनाने पाहू शकतो. असे पाहण्याची सवय झाली की तीच नजर घेऊन आपल्या परिसराकडे परतता येते.

अशा विधीसंबंधी पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो : यात इस्लामचा भाग किती, हिंदू-बौद्ध भाग किती आणि स्थानिक भाग किती? हा प्रश्न निरर्थक नाही. मात्र तो उगमाचा प्रश्न आहे, अर्थाचा नव्हे. या दोहोंची गल्लत झाली तर विधीचे आकलन बिघडतेच, शिवाय विधी करणाऱ्या माणसांवरही अन्याय होतो. तो कसा, हे या घटकाच्या उत्तरार्धात पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ स्लामेतानचे स्वरूप

जन्म, सुंता, विवाह, मृत्यू, नवे घर, प्रवास, पीक, मनात धरलेली एखादी इच्छा, अशा कोणत्याही निमित्ताने स्लामेतान करता येतो. मृत्यूनंतर तर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा आणि हजारावा अशा ठरलेल्या दिवशी तो केला जातो.

विधीचा आराखडा साधा आहे. घरातील स्त्रिया स्वयंपाक करतात. शेजारच्या घरांतील पुरुषांना अगदी आयत्या वेळी बोलावणे जाते. निवड करून पाहुणे बोलवायचे नसतात. जे शेजारी राहतात, त्यांना बोलवायचे असते. सर्व जण चटईवर बसतात. मध्ये पदार्थ मांडलेले असतात आणि पुष्कळ ठिकाणी धूपही जळत असतो. यजमान किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी, जावानी भाषेच्या ‘क्रामा’ या आदरयुक्त स्तरात, विधीचे प्रयोजन सांगतो. कोणता पदार्थ कशासाठी मांडला आहे, हेही तो सांगतो. बसलेले लोक मधूनमधून होकार देतात. त्यानंतर गावातील धर्मकार्य पाहणारा ‘मोदिन’ अरबी प्रार्थना म्हणतो आणि सर्व जण ‘आमीन’ म्हणतात. मग चार घास खाल्ले जातात आणि उरलेले अन्न बांधून प्रत्येक जण आपापल्या घरी नेतो. सगळा कार्यक्रम थोडक्या वेळात आटोपतो.

येथे भाषाभ्यासकाने एका गोष्टीची नोंद घ्यावी. एकाच बैठकीत दोन भाषा दोन वेगळी कामे करतात. जावानी निवेदन सर्वांना समजते आणि ते माणसांना उद्देशून असते. अरबी प्रार्थना शब्दशः समजणारे थोडे असतात. परंतु तिचे काम समजण्यावर अवलंबून नाही. ती उच्चारली जाणे आणि तिला ‘आमीन’ मिळणे यांतच तिचे कार्य पूर्ण होते. ऑस्टिनच्या परिभाषेत सांगायचे तर ही उक्तिकृती आहे. आपल्याकडील संस्कृत संकल्प किंवा मंगलाष्टके आठवल्यास हा मुद्दा चटकन ध्यानात येईल.

४.२.२ विधीची शब्दसंपत्ती

आता या विधीतील काही शब्द पाहू. मराठी वाचकाला ते फारसे परके वाटणार नाहीत.

(अ) स्लामेतान : ‘स्लामेत’ या शब्दाला ‘-आन’ हा प्रत्यय लागून हे रूप झाले. ‘स्लामेत’ अरबीतून आला. आपला ‘सलामत’ तोच. जावानी मनात स्लामेत असणे म्हणजे सर्व काही ठाकठीक असणे, काही विपरीत न घडणे. म्हणजे हा विधी फार मोठे काही मागत नाही. आहे ते सुरळीत चालू राहो, एवढेच मागतो.

(आ) बेरकात : घरी न्यायचे अन्न. अरबी मूळ तेच, ज्यातून मराठीत ‘बरकत’ आला. आपल्याकडे तो भरभराट या भाववाचक अर्थाने राहिला; जावात तो हातात धरता येईल अशा पुडक्याचे नाव झाला. एकाच मुळापासून दोन भाषांत अर्थ कसे निरनिराळ्या वाटांनी जातात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(इ) दोंगा : प्रार्थना. मूळ अरबी शब्द मराठीत ‘दुवा’ असा रूढ आहे. अरबीतील ‘ऐन’ हा कंठ्य ध्वनी जावानीत अनेक शब्दांत ‘ङ’सारखा अनुनासिक झाला. ‘इल्म’चे ‘ङेल्मू’ झाले, तेही याच नियमाने. ध्वनिपरिवर्तनाची अशी नियमितता दिसली की शब्द त्या भाषेत किती मुरला आहे, याचा अंदाज येतो.

(ई) केंदुरी : सामूहिक भोजनविधीचे दुसरे नाव. हा शब्द फारसी ‘कंदुरी’पासून आला, त्याचा मूळ अर्थ जेवताना अंथरायचे कापड. महाराष्ट्रात पिराला किंवा नवसाला बकरे कापून दिल्या जाणाऱ्या जेवणाला ‘कंदुरी’ म्हणतात आणि ती करणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही असतात. तमिळनाडूतील नागोरच्या दर्ग्याच्या उत्सवाचेही नाव कंदुरीच आहे. अंथरायचे वस्त्र, त्यावरचे जेवण आणि त्या जेवणाचा विधी, असा हा अर्थविस्तार आहे.

(उ) न्याद्रान : रमजानच्या आदल्या महिन्यात गावाने एकत्र जमून पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करावी, प्रार्थना म्हणावी आणि तेथेच सहभोजन करावे, असा हा विधी आहे. अभ्यासक ‘साद्रान’ या रूपाचा संबंध संस्कृत ‘श्राद्ध’ शब्दाशी जोडतात. मजापहित राज्यात १३६२ मध्ये राजपत्नी हिच्या निधनाला बारा वर्षे झाल्यावर केलेल्या श्राद्धविधीचे वर्णन ‘नागरकृतागम’ या १३६५ च्या जुन्या जावानी काव्यात आहे. न्याद्रानच्या महिन्याचे नाव ‘रुवाह’. ते अरबी ‘अर्वाह’, म्हणजे आत्मे, या शब्दावरून आले. म्हणजे विधीचे नाव संस्कृत, महिन्याचे नाव अरबी आणि दोहोंचा रोख एकाच दिशेला, मृतांच्या स्मरणाकडे.

यापुढचा महिना रमजानचा. त्याचे जावानी नाव ‘पासा’. ते संस्कृत ‘उपवास’पासून आले. हे सर्व महिने ज्या दिनदर्शिकेत बसतात ती माताराम राज्याच्या सुलतान आगुंग याने १६३३ मध्ये लागू केली. त्याने महिने इस्लामी चांद्र पद्धतीचे घेतले; परंतु वर्षांची मोजणी नव्याने सुरू न करता चालू असलेला शक १५५५ पुढे नेला. हा शक म्हणजे आपल्या पंचांगातील शालिवाहन शकच. चांद्रवर्ष लहान असल्याने पुढे दोन्ही आकड्यांत अंतर पडत गेले, एवढेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
‘बरकत’ आणि ‘बेरकात’ यांच्या अर्थांतील फरक दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा. परभाषेतून आलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत बदलल्याचे आणखी एक उदाहरण द्या.

४.२.३ प्रतीकार्थाच्या तीन पातळ्या

विधीतील प्रतीकांचा विचार करण्यासाठी मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी ‘द फॉरेस्ट ऑफ सिम्बॉल्स’ (१९६७) या ग्रंथात तीन पातळ्या सुचविल्या. विधी करणारे लोक प्रतीकाविषयी जे सांगतात तो भाष्यगत अर्थ. प्रतीकाचे लोक प्रत्यक्षात जे करतात त्यातून प्रकटणारा तो कृतिगत अर्थ. इतर प्रतीकांशी असलेल्या संबंधातून निष्पन्न होणारा तो स्थानगत अर्थ. या पातळ्या स्लामेतानला लावून पाहू.

भाष्यगत अर्थ : तांबडी आणि पांढरी अशी भाताची खीर (जेनांग) मांडली जाते. तांबडा रंग आईचा आणि पांढरा वडिलांचा, दोहोंच्या संयोगातून देह घडतो, असे सांगतात. त्याच जोडीत कोणी आदम आणि हव्वा यांचे स्मरण करतो. शंकूच्या आकाराचा भाताचा ढीग, ‘तुंपेंग’, म्हणजे पर्वत. निमुळते होत वर जाणारे टोक म्हणजे ईश्वराकडे जाणारी वाट, असेही विवरण ऐकू येते. नारळाच्या दुधात शिजवलेला सुवासिक भात प्रेषित मुहम्मद यांच्या सन्मानार्थ असतो. हे सर्व अर्थ एकाच बैठकीत सुखाने नांदतात.

कृतिगत अर्थ : बेरकातकडे पाहा. बैठकीत पुरुष बसतात; स्त्रिया आणि मुले तेथे नसतात. परंतु प्रार्थनेने पुनीत झालेले अन्न प्रत्येक घरात पोहोचते. चटईवर एक माणूस बसला तरी विधीत त्याचे संपूर्ण घर सहभागी होते. तसेच बोलावणे शेजारधर्माने दिले जाते, मतैक्य पाहून नव्हे. म्हणून मशिदीत नियमाने जाणारा, क्वचित जाणारा आणि गूढवादी साधना करणारा असे तिघेही एकाच पात्राभोवती बसलेले असतात. ‘आपण एकमेकांचे शेजारी आहोत’ हा अर्थ कोणी उच्चारत नाही. बसण्याच्या कृतीतून तो सांगितला जातो.

स्थानगत अर्थ : गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ‘मितोनी’ हा विधी होतो (‘पितू’ म्हणजे सात). कोवळ्या नारळांवर कामजय आणि कामरतिह, म्हणजे आपले कामदेव आणि रती, यांची चित्रे काढतात. होणारे मूल मुलगा असल्यास कामजयासारखा आणि मुलगी असल्यास रतीसारखी व्हावी, ही त्यामागची इच्छा. याच प्रसंगी पुष्कळ घरांत कुराणातील युसूफ आणि मरियम या नावांच्या दोन सुरांचे पठण होते. भावना तीच : मुलगा युसूफसारखा, मुलगी मरियमसारखी व्हावी.

भाषेच्या अभ्यासात आपण गणसंबंध पाहिला आहे. वाक्यातील एका जागी परस्परांऐवजी येऊ शकणारे शब्द एका गणाचे असतात. येथे नेमके तेच घडले आहे. ‘आदर्श पुत्र–आदर्श कन्या’ ही विधीच्या वाक्यातील एक जागा आहे. त्या जागी कामजय–रती ही जोडी आली आणि युसूफ–मरियम ही जोडीही आली. दोन जोड्यांचे उगम सर्वस्वी भिन्न आहेत. स्थान मात्र एक आहे. विधीचे व्याकरण कायम राहिले आणि त्यातील शब्दसंग्रह वाढला.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
खालीलपैकी कोणता अर्थ कोणत्या पातळीवरचा आहे ते लिहा : (क) तांबडी खीर म्हणजे आई, (ख) बैठकीला न आलेल्यांनाही अन्न मिळते, (ग) तांबड्या खिरीला महत्त्व आहे ते पांढरीच्या सोबतीमुळे.
(उत्तर : क – भाष्यगत, ख – कृतिगत, ग – स्थानगत.)

४.२.४ ‘केरातबासा’ : लोकव्युत्पत्तीचे कार्य

रुवाह महिन्यात तीन पदार्थ हमखास केले जातात : ‘केतान’ हा चिकट भात, ‘कोलाक’ ही नारळाचे दूध आणि ताडगूळ घालून केलेली केळ्यांची खीर आणि ‘आपेम’ ही तांदळाच्या पिठाची जाळीदार भाकरी. आपेमचे नाते दक्षिण भारतातील अप्पमशी आहे हे उघड दिसते. आपले आप्पेही त्याच परिवारातले. परंतु जावात विचाराल तर उत्तर मिळेल : आपेम म्हणजे अरबी ‘अफुव्व’, क्षमा. कोलाक म्हणजे ‘खालिक’, निर्माता. म्हणून पूर्वजांसाठी क्षमा मागताना निर्मात्याचे स्मरण करीत हे पदार्थ खायचे.

शब्द फोडून किंवा ध्वनिसाम्य साधून त्याचा बोधपर अर्थ सांगण्याच्या या जावानी रीतीला ‘केरातबासा’ म्हणतात. तिचे सर्वपरिचित उदाहरण ‘गुरु’ या शब्दाचे आहे : ज्याचे ऐकावे (‘दिगुगू’) आणि ज्याचे अनुकरण करावे (‘दितीरू’) तो गुरु. ‘गु’ म्हणजे अंधार, ‘रु’ म्हणजे तो घालवणारा, ही फोड आपल्याकडे प्रसिद्ध आहे. एकच शब्द, दोन भूमींत दोन फोडी. ऐतिहासिक भाषाविज्ञानाच्या कसोटीला दोन्ही उतरत नाहीत.

मग त्या चुकीच्या म्हणून सोडून द्याव्यात काय? येथे विद्यार्थ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. ‘आपेम’ शब्द कोठून आला, या प्रश्नाला ‘अफुव्व’ हे उत्तर टिकणारे नाही. आपेम खाणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ कोणता, या प्रश्नाला मात्र ‘क्षमा’ हेच बरोबर उत्तर आहे. लोकव्युत्पत्ती इतिहास म्हणून अपुरी असली तरी भाष्य म्हणून ती पूर्ण असते. दक्षिण भारताशी नाते सांगणारा एक पदार्थ तिने इस्लामी क्षमायाचनेच्या व्यवस्थेत आणून बसवला आणि त्यासाठी पदार्थाची कृती बदलावी लागली नाही.

४.२.५ अभ्यासकांची मते

स्लामेतानवर झालेल्या अभ्यासात तीन भूमिका ठळक आहेत. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्त्झ यांनी १९५० च्या दशकात पूर्व जावातील पारे या गावी क्षेत्रकार्य केले आणि ग्रंथात त्या गावाला ‘मोजोकुतो’ असे नाव दिले. ‘द रिलिजन ऑफ जावा’ (१९६०) या ग्रंथात त्यांनी जावानी समाजाचे आबांगान, सांत्री आणि प्रियायी असे तीन प्रवाह कल्पिले. स्लामेतानचे सविस्तर वर्णन त्यांनी आबांगान, म्हणजे ग्रामीण व मिश्र स्वरूपाच्या परंपरेच्या केंद्रस्थानी ठेवून केले.

मार्क वुडवर्ड यांनी १९८० च्या दशकात याला आक्षेप घेतला. अन्नदान, प्रार्थना, प्रेषितांचे व संतांचे स्मरण या गोष्टी इस्लामी जगात अन्यत्रही आढळतात. म्हणून स्लामेतानला इस्लामबाहेरचा ठरवणे योग्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

अँड्र्यू बीटी यांनी जावाच्या पूर्व टोकाकडील बान्युवांगी भागात काम करून १९९९ मध्ये ‘व्हरायटीज ऑफ जावानीज रिलिजन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे तीच प्रतीके समोर ठेवून एकत्र बसतात. प्रतीके अनेकार्थी असल्यामुळेच हे शक्य होते, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होय.

पहिल्या दोन भूमिकांत विधी कोणत्या वर्गात घालावा यावर वाद आहे. तिसरी भूमिका विधी काम कसे करतो याकडे लक्ष वेधते. भाषाभ्यासकाला ती अधिक जवळची वाटावी. शब्दाची अनेकार्थता हा भाषेतील दोष नाही. तिच्यामुळे भाषा लवचीक राहते. विधीतील प्रतीकाचेही तसेच आहे. तांबड्या-पांढऱ्या खिरीचा अर्थ एकाच वाक्यात कायमचा बांधून टाकला असता, तर तो न पटणारा शेजारी चटईवरून उठून गेला असता.

४.२.६ नावे ठेवण्याचे परिणाम

हा वाद केवळ विद्यापीठांपुरता राहिलेला नाही. योग्यकार्ता येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या मुहम्मदिया या सुधारणावादी संघटनेने ग्रंथाधार नसलेल्या विधींना विरोध केला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नहदलातुल उलेमा या संघटनेने मृतांसाठीची सामूहिक प्रार्थना व भोजन यांचे समर्थन केले. दोन्ही बाजूंचे लोक श्रद्धावान मुसलमानच आहेत, हे विसरता कामा नये. विधीला विरोध करणाऱ्यालाही त्याच्या दृष्टीने शुद्ध अर्थाची काळजी असते. त्याचे म्हणणेही अभ्यासकाने तितक्याच आस्थेने नोंदवले पाहिजे.

पुढे १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट म्हणून ठरवल्या गेलेल्या लोकांची इंडोनेशियात मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. मध्य व पूर्व जावात तिची झळ तीव्र होती. त्यानंतरच्या राजवटीत प्रत्येकाने मान्यताप्राप्त धर्मांपैकी एकाची नोंद करणे गरजेचे झाले. ‘नावापुरता मुसलमान’ किंवा ‘खरा धर्म नसलेला’ असे कोणी कोणाला म्हणणे, ही आता साधी टिप्पणी राहिली नाही. माणसाचे वर्गीकरण कागदावर सोपे असते. त्याची किंमत माणूस मोजतो.

म्हणूनच ‘मिश्र विधी’ ही संज्ञा जपून वापरावी. मिश्रण म्हणताना आपण गृहीत धरतो की आधी काही शुद्ध घटक होते आणि कोणीतरी ते एकत्र केले. पण मितोनीच्या वेळी नारळावर चित्र काढणारी आणि मरियमची सुरा ऐकणारी सासू दोन धर्म मिसळत नसते. ती एका नातवंडाचे भले इच्छित असते. मिश्रण अभ्यासकाच्या टेबलावर दिसते. तिच्या अंगणात ते एकसंध असते. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे मालकीचा सातबारा नव्हे. ‘श्राद्ध’ शब्दावरून न्याद्रान हिंदूंचा ठरत नाही आणि ‘सलामत’ शब्दावरून स्लामेतान अरबांचा ठरत नाही. तो जो करतो त्याचा असतो.

४.३ सारांश

स्लामेतान हा जावातील शेजाऱ्यांचा सामूहिक भोजनविधी आहे. त्याच्या शब्दसंपत्तीत अरबी, फारसी, संस्कृत व जावानी स्तर आढळतात. प्रतीकार्थाच्या भाष्यगत, कृतिगत आणि स्थानगत अशा तीन पातळ्या असतात. मितोनीतील दोन आदर्श जोड्यांवरून असे दिसते की विधीतील स्थान कायम राहून चिन्हांत भर पडू शकते. केरातबासा ही लोकव्युत्पत्ती उगम सांगत नसली तरी चालू अर्थ सांगते. प्रतीकांची अनेकार्थता भिन्न श्रद्धांच्या माणसांना एकत्र बसू देते. उगमावरून विधीची मालकी ठरवणे शास्त्रदृष्ट्या सदोष आहे आणि सामाजिकदृष्ट्या घातक ठरू शकते.

४.४ पारिभाषिक शब्द

उक्तिकृती : उच्चारण्यातूनच जी कृती घडते ती.
गणसंबंध : एकाच स्थानी परस्परांऐवजी येऊ शकणाऱ्या चिन्हांमधील संबंध.
लोकव्युत्पत्ती : ध्वनिसाम्यावरून लोकांनी लावलेला शब्दाचा उगम.
अनेकार्थता : एका चिन्हाला एकाहून अधिक अर्थ असणे.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. स्लामेतानमधील जावानी निवेदन आणि अरबी प्रार्थना यांच्या कार्यांतील भेद स्पष्ट करा.
२. ‘लोकव्युत्पत्ती इतिहास म्हणून अपुरी असली तरी भाष्य म्हणून ती पूर्ण असते.’ आपेम आणि गुरु या शब्दांच्या आधारे चर्चा करा.
३. गीर्त्झ, वुडवर्ड आणि बीटी यांच्या भूमिकांची तुलना करा.
४. टीप लिहा : (अ) बेरकात (आ) न्याद्रान (इ) सुलतान आगुंगची दिनदर्शिका.

४.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा परिसरातील पीर, दर्गा, मोहरमचे ताबूत अथवा कंदुरी यांपैकी एका विधीचे निरीक्षण करा. त्यात वापरले जाणारे किमान दहा शब्द बोलीतील उच्चारासह नोंदवा. किमान तीन व्यक्तींना एकाच वस्तूचा अर्थ विचारा. त्यांत एक स्त्री आणि शक्य असल्यास विधीला विरोध असणारी एक व्यक्ती असावी. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा. मुलाखतीपूर्वी परवानगी घ्या आणि अहवालात कोणाचेही खरे नाव देऊ नका. शब्दांच्या उगमांचा शोध शेवटी घ्या. आधी अर्थ ऐका.